लातूरचं तिकीट

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे सव्वानऊ झाले होते. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून मी हिशेब लावत बसलो होतो, तेवढ्यात एक गृहस्थ वाकून आत आले. पायात घरातली स्लीपर, हातात मोबाईल. त्यांची मुलगी लातूरला नीटच्या क्लासला. ताप उतरत नव्हता म्हणून हॉस्टेलवाल्यांनी दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं आणि घरी फोन केला. त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला.

"साहेब, नांदेड ते लातूर विमानानं पाऊण तास दाखवायलंय. तिकीट कितीला आहे?"

मी बघितलं. मोबाईल खोटं बोलत नव्हता. नांदेड विमानतळ ते लातूर विमानतळ, हवाई अंतर १२४ किलोमीटर.

"दादा, लातूरला विमान नाही."

"मग हे काय दाखवायलंय?"

आता त्यांना काय सांगणार? जगातल्या प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश यंत्राला ठाऊक असतात. कुठलीही दोन नावं टाका, पृथ्वीच्या पाठीवरून सरळ दोरी ताणल्यासारखं अंतर ते काढतं, त्याला विमानाच्या वेगानं भागतं, चढण्या-उतरण्याची म्हणून वीस-तीस मिनिटं वर मिळवतं आणि उत्तर देतं. या दोन गावांमध्ये विमान उडतं का, हा प्रश्न त्या गणितात कुठेच नसतो.

मी ओळखीच्या जीपवाल्याला फोन लावला. म्हटलं, "साडेनऊला निघालात तर सव्वाबाराला दवाखान्याच्या दारात. लोह्यात थांबू नका, चहा अहमदपूरला घ्या, तिथं टपरी उघडी असते." ते माझ्याकडे बघत राहिले. माणूस इतका छातीठोक कसा सांगतो, असं त्यांना वाटलं असावं.

हा छातीठोकपणा मला फुकट मिळालेला नाही. त्याची किंमत दुसऱ्याच एका माणसानं मोजली आहे.

नांदेडच्या वजिराबादेत माझं हे दुकान वीस वर्षांच्या वर आहे. सुरुवात रेल्वेच्या रिझर्व्हेशनपासून केली. पहाटे खिडकीपुढे नंबर लावायचा, देवगिरीचे नि तपोवनचे फॉर्म भरायचे. विमानाचं तिकीट विचारायला महिन्याकाठी एखाददुसरा यायचा, तोही हैदराबाद किंवा औरंगाबादहून पुढचं. नांदेडला धावपट्टी जुनीच, पण ती आमच्यासाठी पुढाऱ्यांची. २००८ साली गुरू-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली, तेव्हा शहराचे रस्ते रुंद झाले आणि विमानतळानंही कात टाकली. श्री गुरू गोबिंदसिंगजींचं नाव त्याला मिळालं. तिकिटावर तो 'एनडीसी' झाला. लातूर 'एलटीयू'. ही तीन-तीन अक्षरं म्हणजे आमच्या धंद्यातली गावांची आडनावं.

मग २७ एप्रिल २०१७ उजाडला. पंतप्रधानांनी शिमल्याहून 'उडान' योजनेतल्या पहिल्या विमानांना झेंडा दाखवला, त्यात एक सेक्टर नांदेड–हैदराबाद होता. तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजारांची मर्यादा. त्याच डिसेंबरात अमृतसरचं विमान सुरू झालं. सचखंड एक्स्प्रेसनं दिल्लीमार्गे दीड दिवस घालवून येणारे भाविक आता अडीच-तीन तासांत हुजूर साहिबच्या दर्शनाला पोचायला लागले. पंजाबातून आलेल्या एका म्हाताऱ्या बीबीजी काउंटरवर टेकून मला म्हणाल्या होत्या, "बेटा, मेरे घुटने तेनू असीस देंदे ने." अमृतसर सरळ रेषेत चौदाशे किलोमीटर. एवढ्या पल्ल्यावर विमानाशी स्पर्धा करणारं काहीच नाही. त्या दिवसांत मला वाटायचं, आपण माणसांना वेळ विकतो. अंतर मोजायचं, विमान दाखवायचं, वेळ वाचवून द्यायचा. एवढा सोपा धंदा.

२०१८ चा मे महिना. संध्याकाळी साडेसातला शिवाजीनगरातले एक ओळखीचे गृहस्थ आले. त्यांच्या सासूबाई तासाभरापूर्वी गेल्या होत्या. गाव किल्लारीच्या अलीकडचं, १९९३ च्या भूकंपानंतर नव्यानं वसलेलं. मेहुणा दुबईत इलेक्ट्रिशियन, एकुलता एक मुलगा. तो विमानतळाच्या वाटेवर होता आणि दाजींच्या फोनवरून माझ्याशी बोलत होता. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"दादा, लातूरच्या जवळचं विमानतळ कोणतं?"

"नांदेड," मी म्हटलं. विचारही केला नाही. मी नांदेडचा. माझ्या डोक्यातला नकाशा नांदेडपासून सुरू होतो.

रात्रीचं दुबई–हैदराबाद मिळालं. पहाटे चारच्या सुमारास शमशाबादला उतरायचं. पुढे सकाळचं हैदराबाद–नांदेड, तासाभराचं. खात्री म्हणून मी अंतरही काढलं. नांदेड–लातूर १२४. कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं आणि म्हणालो, "उतरलात की गाडी तयार ठेवतो. पुढे सव्वाशे किलोमीटर तर राहतं."

"बसवा," तो म्हणाला. "निघालोच मी."

दुबईचं विमान वेळेवर आलं. नांदेडचं विमान वेळेवर सुटलं, वेळेवर उतरलं. सामान लगेच मिळालं. गाडी दारात उभी होती, ड्रायव्हर चांगला होता. कुणाचीही कसलीही चूक झाली नाही. आणि मुलगा घरी पोचला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मे महिन्याचं ऊन. लातूरहून आणलेल्या बर्फाच्या लाद्या सकाळी दहालाच पाणी झाल्या होत्या. एक वाजेपर्यंत भावकीनं वाट बघितली. मग चुलत्यानं पाणी दिलं.

दाजी तिसऱ्या दिवशी आले. मला वाटलं, चार शब्द सुनावतील. त्यांनी खिशातून पैसे काढले, तिकिटाची राहिलेली बाकी टेबलावर मोजून ठेवली. "पोचता आलं न्हाई त्याला," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. नोटांवर पेपरवेट ठेवून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

रात्री घरी नकाशा काढला. शमशाबादहून झहीराबाद, हुमनाबाद, उमरगा आणि तिथून वर किल्लारीकडे. रस्त्यानं अडीचशे किलोमीटरच्या थोडं वर. पहाटे पाचला गाडीत बसला असता तर दहाला आईपाशी असता. मी त्याला काय दिलं? विमानतळावरच्या खुर्चीत साडेचार तास, मग हवेत एक तास, मग नांदेडपासून लातूर आणि लातूरच्याही पुढे चाळीस-पंचेचाळीस, असे मिळून एकशे पंच्याऐंशी किलोमीटर. हवेतून मोजलं तर त्याचं गाव हैदराबादपेक्षा नांदेडलाच जवळ, रस्त्यानं मोजलं तरी नांदेडलाच जवळ. नकाशावर मी बरोबर होतो. दोन्ही नकाशांवर बरोबर होतो.

तेव्हापासून मी एक वही घातली.

वहीत पहिली नोंद करायची म्हणून एका रविवारी मी स्वतःच गाडी काढली. घड्याळ डॅशबोर्डवर ठेवलं. वजिराबादेतून निघून गोदावरी ओलांडली, विष्णुपुरी मागे टाकली. सोनखेड, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड, लातूर. नांदेड गोदाकाठचं, लातूर बालाघाटच्या पठारावरचं. त्यामुळे रस्ता कळत-नकळत चढतच जातो, काळी माती मध्येच मुरमाड होते. लोह्यात गाय आडवी, तीन मिनिटं. अहमदपूरला चौकात कोंडी, अकरा मिनिटं. लातूरला गूळ मार्केटपाशी पोचलो तेव्हा तीन तास दहा मिनिटं झाली होती.

खाली मी समासात लिहिलं: डिसेंबर-जानेवारीत माळेगावची यात्रा असेल तर एक तास वाढवा. लोह्याच्या पुढे हा रस्ता यात्रेतूनच जातो. घोडे, गाढवं, उंट, तमाशाच्या राहुट्या आणि खंडोबाचा भंडारा. तिथं हॉर्न वाजवून काही होत नाही. दिवाळीनंतर उसाचा हंगाम, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, पंधरा मिनिटं धरा. मृगाच्या पहिल्या पावसात खोदलेल्या रस्त्याला अर्धा तास. पुढे रस्त्याचं चौपदरीकरण झालं, तेव्हा जुना आकडा खोडून नवा लिहिला. वही अशी दर हंगामाला बदलत जाते. यंत्रातला १२४ मात्र गेल्या वर्षी होता तोच आहे आणि माळेगावच्या खंडोबाला तो ओळखत नाही.

एका रिकाम्या दुपारी हौस म्हणून मी ते विमानही उडवून बघितलं. खरोखर नव्हे, वहीत. सत्तर-बहात्तर आसनांचं पंख्याचं एटीआर धरू. त्याचा वेग ताशी साधारण पाचशे किलोमीटर. म्हणजे १२४ किलोमीटरला पंधरा मिनिटं. पण विमान काही एसटीसारखं फलाटावरून सुटलं की धावायला लागत नाही. चाकांपुढची अडकण काढल्यापासून दुसऱ्या गावी पुन्हा चाकांपुढे अडकण लावेपर्यंतचा जो वेळ, त्याला आमच्याकडे ब्लॉक टाइम म्हणतात आणि तिकिटावर छापतात तो हाच. त्यात रांगत धावपट्टीच्या टोकाला जाणं आलं, वर चढणं आलं, वेग कमी करत उतरणं आलं. हा खर्च अंतरावर ठरत नाही, तो दर खेपेला तेवढाच. म्हणून नांदेड–हैदराबाद सरळ रेषेत लातूरच्या दुप्पट, २४५ किलोमीटर, तरी ब्लॉक टाइम दुप्पट होत नाही. हैदराबादला तास लागतो, लातूरला चाळीस मिनिटं लागतील. पल्ला जितका छोटा, तितकं विमान महाग पडतं. पैशानंही आणि वेळेनंही.

तरी दैव बघा, दोन्ही धावपट्ट्यांची लांबी सारखीच, २,३०० मीटर. नांदेडची पूर्व-पश्चिम पसरलेली. लातूरची ईशान्य-नैऋत्य, आणि नांदेडहून लातूरची दिशा नेमकी नैऋत्य. म्हणजे पश्चिमेकडे उड्डाण करायचं, डावीकडे थोडं वळायचं आणि मग नाकासमोर जाऊन पावसाळी वाऱ्याला तोंड देत थेट लातूरच्या धावपट्टीवर टेकायचं. आखणी करणाऱ्यांच्या मनात तसं काही नव्हतं, पण कागदावर ही वाट आयती आखून ठेवल्यासारखी दिसते.

आता दारापासून दारापर्यंतचा हिशेब. वजिराबादेतून विमानतळ वीस मिनिटं. सुटण्याआधी दीड तास हजेरी, झडती, रांग. हवेत आणि जमिनीवर मिळून चाळीस मिनिटं. सामानाला पंधरा. आणि लातूरचा विमानतळ चिंचोलीराववाडीकडे, शहराच्या पश्चिमेला दहा-बारा किलोमीटर. म्हणजे आपण पूर्वेकडून येणार, लातूर ओलांडून पलीकडे उतरणार आणि पुन्हा माघारी गावात यायला पंचवीस मिनिटं लावणार. बेरीज तीन तास दहा मिनिटं. माझी गाडी गाईला आणि अहमदपूरच्या चौकाला वेळ देऊन जेवढ्यात पोचली होती, बरोबर तेवढीच. आणि नव्या रस्त्यानं जीप पावणेतीन तासांत जाते. लातूरला नियमित प्रवासी विमान टिकलं नाही म्हणून लोक हळहळतात. मुंबईसाठी ती हळहळ खरी आहे. पण नांदेडहून लातूरला रोज विमान असतं, तरी ते एका बऱ्या जीपकडून हरलं असतं.

रेल्वेची तऱ्हा तर आणखी न्यारी. लातूर आमच्या नैऋत्येला, आणि गाडी निघते वायव्येला. पूर्णा, परभणी, मग खाली परळी, लातूर रोड, तेव्हा कुठं लातूर. दोनशे किलोमीटरच्या वर वळसा. लोह्यावरून सरळ रेल्वे व्हावी ही मागणी मी धंद्यात पडल्यापासून ऐकतो आहे. पनवेल गाडीत बसून लातूरला उतरणारा नांदेडकर मी बघितला आहे, पण त्याला घाई असते असं मला कधी दिसलं नाही.

या अंतराला अजून एक माप आहे, ते मी वहीत लिहीत नाही. २००९ साली महसूल आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला, यावरून दोन्हीकडे रान उठलं होतं. दोन्ही गावांनी महाराष्ट्राला मुख्यमंत्री दिलेले, त्यामुळे कुणीच मागे हटेना. मोर्चे, बंद. माझ्या दुकानात रोज फड रंगायचा. नांदेडकर म्हणायचा, "लातूर तर हाकेवर आहे, त्यांनी इकडं यावं की." लातूरहून मालासाठी आलेला व्यापारी म्हणायचा, "एवढ्या दूर माणसानं कागद घेऊन यायचं कसं?" मी विचारलं, "मग तिकडं झालं तर?" दोघांनी लगेच जागा बदलल्या. ज्याच्या दारात कचेरी येणार त्याला ते अंतर हाकेचं, दुसऱ्याला तेच कोसाकोसाचं. मध्ये ते १२४ किलोमीटर होते तिथंच होते.

वही आता तिसरी चालू आहे. पानं कुणाला दाखवण्यासारखी नाहीत. चहाचे डाग, खाडाखोड. 'शमशाबाद ते उदगीर, पहाटे.' 'सोलापूर ते निलंगा, रात्री नको.' 'पुणे ते लातूर, रविवारी दुपारनंतर ट्रॅव्हल्स सुटतात तेव्हा हडपसरला एक तास.' गिऱ्हाईक आलं की मी आधी तीन गोष्टी विचारतो. गाव कोणतं, शहर नव्हे, गाव. किती वाजता पोचायला हवं. आणि जाताय कशासाठी. तिसरा प्रश्न काहींना आगाऊपणा वाटतो. पण लग्नाला जाणाऱ्याचं अंतर वेगळं, परीक्षेला जाणाऱ्याचं वेगळं, आणि दवाखान्यात जाणाऱ्याचं वेगळं. उत्तर ऐकून कितीतरी वेळा मी म्हणतो, "तिकीट काढू नका. गाडीनं जा." शेजारचा दुकानदार हसतो. म्हणतो, मिठाईवाल्यानं गिऱ्हाइकाला साखर वर्ज्य करायला सांगावी, तसला तुझा धंदा.

त्या रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी स्लीपरवाल्या गृहस्थांचा फोन आला. पोचलो, पोरगी झोपलीय, ताप कमी आहे. मी अंथरुणातून उठून वहीत लिहिलं: 'जुलै, भुरभुर पाऊस, रात्री, दोन तास चाळीस मिनिटं.'

आणि मग जुन्या वहीतलं एक पान उघडलं. २०१९ चा मे. आईच्या वर्षश्राद्धाला येण्यासाठी दुबईहून त्या इलेक्ट्रिशियनचा फोन आला होता. वर्षभर मी त्या फोनची वाट बघत होतो म्हणा, किंवा धास्ती घेऊन होतो म्हणा. आवाज ओळखल्याबरोबर मी एका दमात सांगून टाकलं, "भाऊ, ह्या वेळी हैदराबादलाच उतरा. शमशाबादला गाडी उभी करतो. उमरग्यावरून सरळ. दहाच्या आत घरी."

पलीकडे तो थोडा वेळ गप्प होता.

"नको दादा," तो म्हणाला. "नांदेडवरूनच येतो. ताईकडं एक दिवस ऱ्हातो. आता कुठं घाई आहे?"

मी त्याला नांदेडचं तिकीट काढून दिलं.